सेवकाचे पद वतन कसे झाले?

भोरचा राजवाडा चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे आता महाराष्ट्रभर ओळखीचा झाला आहे. हा वाडा १८६९ साली बांधला गेला. परंतु ज्या माणसामुळे हे संस्थान उभे राहिले, तो राजा नव्हता. तो राज्याच्या दप्तराचा अधिकारी, म्हणजे सेवक होता. त्याचे नाव शंकराजी नारायण गांडेकर. सेवकाच्या वंशजांना राजेपद कसे मिळाले, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात क्वचितच विचारला जातो. आपण तो विचारला पाहिजे, कारण त्याचे उत्तर आपल्याही पूर्वजांच्या जगण्याशी जोडलेले आहे.

१६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा छत्रपती शिवाजी महाराजांनी अष्टप्रधानांची व्यवस्था पक्की केली. जमीन महसुलाचे हिशेब आणि सरकारी कागदपत्रे तपासणे हे सचिवाचे काम. प्रधानांना रोख पगार होता. पेशव्याला १५ हजार होन, अमात्याला १२ हजार आणि सचिवासह इतरांना १० हजार होन. कामाबद्दल जमीन तोडून द्यायची नाही आणि बापानंतर मुलाला पद आपोआप द्यायचे नाही, हे महाराजांचे धोरण होते. वतनदार माजला की रयत भरडली जाते आणि राज्यही पोखरले जाते, हे त्यांनी मावळच्या देशमुखांच्या वागण्यात जवळून पाहिले होते.

शंकराजीपंत या व्यवस्थेत खालून वर आले. साधी कारकुनी करणारा हा देशस्थ ब्राह्मण तरुण हुशार आणि धाडसी होता. १६८९ साली औरंगजेबाने संभाजी महाराजांची क्रूर हत्या केली, रायगड पडला आणि राजाराम महाराजांना दूर जिंजीला जावे लागले. महाराष्ट्रातला कारभार रामचंद्रपंत अमात्यांवर आला. त्यांच्या हाताखाली शंकराजीपंतांनी मावळ खोरी सांभाळली, फौज गोळा केली आणि किल्ले परत घेतले. या कर्तबगारीमुळे त्यांना राजाज्ञा, मदारुलमहाम असे किताब मिळाले आणि १६९७ च्या सुमारास सचिवपद मिळाले.

१७०३ ते १७०४ या काळात औरंगजेबाने सिंहगड, राजगड आणि तोरणा एकामागून एक घेतले. वेल्ह्याच्या या डोंगरांत म्हातारा बादशहा स्वतः तळ देऊन बसला होता. परंतु त्याची पाठ वळताच शंकराजीपंतांनी सिंहगड, राजगड आणि रोहिडा पुन्हा जिंकले. ही कामगिरी त्यांच्या पदरी प्रामाणिकपणे टाकली पाहिजे. कर्तृत्व कोणत्याही जातीच्या माणसाचे असो, ते नाकारणे हा आपला मार्ग नव्हे.

मात्र याच लढाईत राज्याचा पाया बदलला. मोगल बादशहा वतने आणि जहागिऱ्या देऊन मराठा सरदार फोडत होता. माणसे टिकवण्यासाठी राजाराम महाराजांनाही वतने आणि सरंजाम वाटावे लागले. खजिना रिकामा होता, दुसरा उपाय दिसत नव्हता. परंतु एकदा दिलेले वतन परत घेता येत नाही. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रानेही वतनदार आणि नव्या वृत्त्या यांच्या धोक्याबद्दल राज्यकर्त्यांना सावध केले. इशारा बरोबर होता, पण वेळ निघून गेली होती.

१७०७ साली औरंगजेब मेला आणि शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले. शंकराजीपंतांनी ताराबाईंशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली होती. आता थोरल्या शाखेचा वारस समोर उभा राहिला. खेडच्या लढाईत शाहूंची सरशी झाली आणि पंतांना त्यांचे बोलावणे आले. शब्द मोडायचा की धन्याच्या नातवाशी लढायचे? या कोंडीत त्यांनी भोरजवळच्या आंबवडे येथे स्वतःचे जीवन संपवले. ते कसे, याबद्दल जलसमाधी आणि हिरकणी अशा दोन कथा सांगितल्या जातात. त्यांची समाधी आंबवड्याला आहे.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. शाहूंनी सचिवपद शंकराजीपंतांच्या मुलाला, नारो शंकरला दिले. तो तेव्हा लहान मूल होता! दप्तर तपासण्याचे पद ज्याला अक्षरओळखही नाही, त्याच्या नावावर लागले. काम मुतालिकाने करायचे आणि मान घराण्याने घ्यायचा, अशी रीत पडली. पुढे दमाजी थोराताने या मुलाला कैद केले. बाळाजी विश्वनाथाने त्याला सोडवण्याची खटपट केली, तेव्हा सचिवाच्या आईने उपकाराची फेड म्हणून पुरंदर किल्ला पेशव्याला दिला. रयतेच्या रक्तावर राखलेला किल्ला घरातल्या दागिन्यासारखा एका प्रधानाने दुसऱ्याला देऊन टाकला. पेशवेपदही १७१३ पासून एकाच घराण्यात गेले. पुढे पेशवाईत काय झाले ते वाचकांना सांगायला नको.

जगात सगळीकडे असेच होते का? शंकराजीपंतांच्या काळात चीनमध्ये छिंग घराण्याचा कांगशी बादशहा राज्य करीत होता. तिथेही सिंहासन वंशाचेच होते. परंतु अधिकारी मुख्यतः परीक्षेतून निवडले जात आणि त्यांना स्वतःच्या प्रांतात नेमत नसत, म्हणजे पद मुळे धरणार नाही. ती व्यवस्था निर्दोष नव्हती. स्त्रियांना आणि हलक्या मानलेल्या समूहांना तिथेही दार बंद होते. १९०५ साली परीक्षा बंद झाल्या आणि १९१२ साली बादशाहीही संपली. पण प्रधानाच्या पोराला प्रधानकी वारशाने मिळण्याची सोय तिथे नव्हती. आपल्याकडे जातीने आणि वतनाने ती करून ठेवली होती.

१८२० साली पंतसचिवांनी इंग्रजांशी करार केला. सातारचे राज्य १८४९ साली खालसा झाले, भोर मात्र टिकले. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवन मावळ आणि सुधागड हे त्याचे पाच तालुके. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले. सुमारे अडीचशे वर्षे एका नेमणुकीचे फळ एका घराण्याने खाल्ले.

याच खोऱ्यांत आणखी एक वतन होते. महाराचे वतन. तेही बापाकडून मुलाकडे जात होते. सरकारी सांगावा पोचवा, गावची सीमा दाखवा, मेलेली ढोरे ओढा, आणि मोबदला म्हणजे जमिनीचा तुकडा व बलुते. वरच्याला वतनाने राजवाडा दिला, खालच्याला त्याच वतनाने गुलामी दिली. दोन्ही वतने एकाच व्यवस्थेची लेकरे आहेत. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. अखेर १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाववतने रद्द झाली.

संविधानाच्या कलम १६(२) मध्ये सरकारी नोकरीसाठी धर्म आणि जातीबरोबर वंशावरूनही भेदभाव करण्यास मनाई आहे. तो एक शब्द तिथे उगाच आलेला नाही. १९६० साली गझुला दशरथ रामराव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावकामगाराचे वंशपरंपरागत पद याच कलमाखाली घटनाबाह्य ठरवले. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखेही गेले.

कायद्यातून वतन गेले. मनातून गेले काय? आमदाराचा मुलगा आमदार, कारखान्याच्या अध्यक्षाचा मुलगा अध्यक्ष, हे आपण पाहतोच. पण आपल्या विहाराची समिती, आपली शिक्षणसंस्था, आपला पक्ष, इथे पद कर्तृत्वाने मिळते की आडनावाने, हेही तपासले पाहिजे. शंकराजी नारायण आपल्या कर्तबगारीने सचिव झाले. त्यांचा मुलगा जन्माने सचिव झाला. राज्य त्या दिवशी आतून हरले. चळवळीला हा धडा परवडणारा नाही.