वेदांतील नामे आणि लोकमान्यांचा शोध

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस महाडजवळच्या सव गावापासून थेट मुंबापुरीपर्यंत घरोघरी श्रीगजाननाचे आगमन होते. या उत्सवास सार्वजनिक रूपाचे बळ देणारे लोकमान्य टिळक आपणांस राष्ट्राचे पुढारी म्हणून ठाऊक आहेत. आज आम्ही त्यांच्या एका निराळ्या साधनेचे स्मरण करीत आहोत.

दि. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस त्यांचा जन्म झाला. नाव ठेवले केशव. परंतु घरच्यांच्या तोंडी बसलेले बाळ हेच नाव पुढे दिगंत झाले. संस्कृतज्ञ वडील गंगाधरपंतांपासून त्यांना देववाणीची गोडी लागली. १८८१ साली केसरी निघाला, १८९६ साली आपल्याच तालुक्यातील रायगडावर शिवोत्सव झाला. या धकाधकीतही वेदाध्ययन खंडले नाही. १८९३ साली ओरायन व १९०३ साली आर्यांच्या मूलस्थानावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मंडालेच्या बंदिवासात लिहिलेले गीतारहस्य १९१५ साली लोकांच्या हाती आले.

पुढे १९१७ साली डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या गौरवग्रंथात लोकमान्यांनी खाल्डियन व भारतीय वेदांवर एक निबंध लिहिला. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातील सर्पविषनाशक सूक्तात तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला अशी नामे येतात. भाष्यकारांनाही ती दुर्बोध वाटत आली. लोकमान्यांनी त्यांचा माग खाल्डिया देशात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, काढला. तेथील पुराणकथेत आदिजलरूपी तियामत या महासर्पिणीचे नाव येते; तैमात तो हाच, असे त्यांनी सुचविले.

याच निबंधात यहुदी धर्मग्रंथातील यहोवा या ईश्वरनामाचाही त्यांनी विचार केला. ऋग्वेदात अग्नी, इंद्र व सोम यांना यह्व, म्हणजे महान, हे विशेषण लाविलेले आढळते. दोन्हींचे मूळ एक असून येथे देणे भारताकडचे असावे, असे त्यांचे अनुमान होते. आजचे भाषाशास्त्र हा दुसरा संबंध मानीत नाही. केवळ ध्वनिसाम्यावरून कूळ ठरत नाही. तैमाताविषयीही पंडितांत एकमत नाही.

मग या शोधाचे मोल काय? आमच्या मते ते निर्भयतेत आहे. वेदांत परदेशी शब्द आले असतील, हे म्हणताना या वेदनिष्ठ पुरुषाची श्रद्धा डळमळली नाही. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होते, हे त्यांनी जाणले. आपल्या रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल बांधवांत अब्राहमचा आबाजी व सॅम्युएलचा सामाजी झाला, पण शनिवारचा विसावा सुटला नाही. नावाने वेष पालटला तरी निष्ठा टिकते, याचे हे घरचेच उदाहरण नव्हे काय?

दि. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस लोकमान्यांनी देह ठेविला. श्रीगणेश ही विद्येची देवता. आरतीनंतर मुलाने एखाद्या नामाचा अर्थ विचारला, तर त्यास गप्प न करता त्याच्यासह शोध घ्यावा. उत्सवाच्या त्या पुरस्कर्त्यास हीच आमची खरी आदरांजली ठरेल.