घोडे वाचवणाऱ्याच्या नावाचा आजार

घोड्याचे डोळे पिवळे पडतात, तो खाणे सोडतो, भरकटल्यासारखा फिरतो, भिंतीला डोके टेकून उभा राहतो आणि बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत मरतो. यकृताचा हा आजार पशुवैद्य ‘टायलर डिसीज’ म्हणून ओळखतात. ज्यांचे नाव त्याला मिळाले, ते सर अर्नोल्ड टायलर मात्र घोडे जगवण्यासाठी झटत होते.

टायलर यांचा जन्म १८६७चा, स्वित्झर्लंडमधल्या फ्रिक गावचा. पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन १८९१ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि थोड्याच काळात शेतावरच्या यंत्रात डावा हात गमावून बसले. दुसरा कोणी मायदेशी परतला असता. यांनी एका हाताने आधी देवीची लस तयार केली, मग १८९६ च्या बुळकांडीशी झुंज दिली. १९०८ मध्ये प्रिटोरियाजवळ ऑन्डरस्टपोर्टची प्रयोगशाळा उभी राहिली, तीही त्यांच्यामुळेच.

तिथे घोड्यांचा काळ होता ‘हॉर्स सिकनेस’. त्यापासून वाचवण्यासाठी टायलर घोड्याला जिवंत विषाणू टोचत आणि सोबत, या रोगाला प्रतिकार करू शकणाऱ्या घोड्यांचे सीरम देत. उपाय लागू पडे. पण काही घोडे टोचल्यावर काही आठवड्यांनी काविळीने मरू लागले. आपल्याच उपचारानंतरचे हे मृत्यू त्यांनी झाकले नाहीत. १९१८ च्या सुमारास सविस्तर नोंदवले. कारण हाती लागण्याआधीच, १९३६ मध्ये, ते वारले.

पुढची गोष्ट चटका लावणारी आहे. त्यांचा मुलगा मॅक्स याने पीतज्वराची लस शोधली; १९५१ चे नोबेल त्यासाठीच. पण १९४२ मध्ये अमेरिकी सैनिकांना दिलेल्या या लशीत टिकाऊपणासाठी माणसाचे सीरम घातले होते. त्यातून हिपॅटायटिस बी पसरला आणि सुमारे ५० हजार सैनिकांना कावीळ झाली. बापाने घोड्यांत पाहिले, तेच माणसांत घडले.

घोड्यांमधला गुन्हेगार सापडायला १०० वर्षे लागली. २०१८ मध्ये अमेरिकेत धनुर्वाताचे सीरम दिल्यानंतर मेलेल्या एका घोड्याच्या यकृतात आणि त्या सीरममध्येही एक नवा पार्व्होविषाणू मिळाला. हा आजार मुख्यतः मोठ्या घोड्यांचा. नवजात शिंगरांचे यकृत बिघडवणारा विषाणू वेगळा, हर्पिस कुळातला. तो आईच्या पोटातच त्यांना गाठतो.