रॉस यांचे विस्मृत गणित

ऑगस्टमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात रोवणी आटोपत येते आणि त्याच सुमारास घरोघरी हिवताप शिरतो. याच महिन्याच्या २० तारखेला, १८९७ साली, सिकंदराबाद येथे लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरभित्तीत हिवतापाचे जंतू दिसले. पाठ्यपुस्तकांतले त्यांचे चरित्र बहुधा येथेच संपते. वस्तुतः त्यांचे पुढील कार्य आपल्याला अधिक उपयोगी आहे.

रॉस यांचा जन्म १८५७ साली अल्मोडा येथे झाला. ओढा साहित्याकडे असूनही वडिलांच्या आग्रहास्तव ते वैद्यकाकडे वळले आणि १८८१ साली सरकारी वैद्यकीय सेवेत आले. दोन वर्षे ते भलत्याच जातींचे डास तपासत राहिले. अखेर हुसेन खान या रुग्णाला मोबदला देऊन त्याचे रक्त प्यायलेल्या डासांत त्यांना यश लाभले. पण लगेच त्यांची बदली हिवताप विरळ असलेल्या राजपुतान्यात झाली! १८९८ साली कलकत्त्यास पक्ष्यांवर प्रयोग करून त्यांनी हा रोग डासाच्या दंशातून पसरतो, हे सिद्ध केले. मानवी हिवतापाबाबत तेच इटालियन शास्त्रज्ञांनी दाखविले. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यानंतर इस्माइलिया, मॉरिशस अशा ठिकाणी त्यांनी निर्मूलनाचा अभ्यास केला. १९१० च्या ग्रंथात त्यांनी गणिताने दाखविले, की प्रत्येक डास मारण्याची गरज नाही. डासांची संख्या विशिष्ट मर्यादेखाली ठेवली, तरी रोग आपोआप ओसरतो. साधने तुटपुंजी असलेल्या समाजाला याहून आश्वासक सिद्धांत कोणता? मात्र प्रयत्न सैलावले, की तेच गणित उलटते. भारतात १९६५ साली सुमारे एक लाखावर आलेली रुग्णसंख्या १९७६ साली चौसष्ट लाखांवर गेली, ती याचीच साक्ष होय.

राज्यातील हिवतापाचा मोठा भार आजही गडचिरोली वाहतो. तेथील नाले आणि बांध्या बुजविता येणार नाहीत. पण औषधी मच्छरदाणी, वेळेवर फवारणी आणि ताप येताच रक्ततपासणी शक्य आहे. थंडी, ताप, घाम हा क्रम दिसेलच असे नाही. फाल्सिपेरम प्रकार मेंदूवर आघात करून थोड्या दिवसांत प्राण घेऊ शकतो. जंगलातून परतलेल्या प्रवाशाने काही आठवड्यांनी ताप आला, तरी डॉक्टरांना प्रवासाची माहिती द्यावी.

रॉस १९३२ साली निवर्तले. त्यांचे गणित मात्र दर पावसाळ्यात नव्याने मांडावे लागणार आहे.