शैत्याचा साधक : कामरलिंग ओनेस

मे महिन्यात बरकतपुऱ्यात पारा ४० अंशांवर चढला की आपण बर्फाच्या पाण्यासाठी कासावीस होतो. बर्फ शून्य अंशाचा. पण त्याच्याही खाली उणे २६९ अंशांपर्यंत उतरण्याचा ध्यास एका शास्त्रज्ञाने घेतला होता.

हायके कामरलिंग ओनेस यांचा जन्म २१ सप्टेंबर १८५३ रोजी हॉलंडमधील ग्रोनिंगन येथे झाला. वडिलांचा कौलांचा कारखाना होता. हायडेलबर्ग येथे बुन्सेन व किरखोफ यांच्या हाताखाली शिकलेले ओनेस १८८२ साली लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले. अचूक मोजमापावाचून ज्ञान नाही, ही त्यांची निष्ठा. दाबाखालील वायूंचा स्फोट होईल या भीतीने गावाने हरकत घेतली व १८९५ पासून सुमारे तीन वर्षे त्यांचे काम अडून राहिले. तरी ते खचले नाहीत. १९०१ साली त्यांनी उपकरणे बनविणारे आणि काच फुंकणारे कारागीर घडविण्यासाठी शाळा काढली. १० जुलै १९०८ रोजी त्यांच्या प्रयोगशाळेत हेलियम वायू प्रथमच द्रवरूप झाला.

८ एप्रिल १९११ रोजी त्या थंडीत पाऱ्याचा विद्युत्‌रोध एकाएकी नाहीसा झालेला आढळला. हीच अतिसंवाहकता! १९१३ साली ओनेस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रोध मोजला होता गिलेस होल्स्ट यांनी, शीतयंत्रे सांभाळली होती गेरिट फ्लिम यांनी. शोधनिबंधावर नाव मात्र एकट्या ओनेस यांचे. थोरांच्या चरित्रातील अशी उणीवही विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावी. २१ फेब्रुवारी १९२६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या शोधाचे फळ आज प्रकाशाचा एकेक कण, म्हणजे फोटॉन, टिपते आहे. नायोबियम नायट्राइडच्या अतिशय पातळ थरातून नागमोडी पट्टी कोरतात. थरावर इलेक्ट्रॉनसंवेदी लेप देऊन इलेक्ट्रॉनांच्या शलाकेने त्यावर आकृती रेखाटतात. मग नको असलेला भाग काढून टाकतात. ही पट्टी अतिसंवाहक होईपर्यंत थंड करून तिच्यातून वीज सोडतात. एक फोटॉन पडला, की क्षणभर त्या जागी रोध उत्पन्न होतो आणि विजेचा ठोका उमटतो. २००१ साली या तत्त्वावर पहिले यश मिळाले.

विद्यार्थी मित्रांनो, प्रात्यक्षिकाच्या तासाला वाचनांक मनाने लिहिण्याचा मोह झाला, तर लायडनचे स्मरण करा. आणि अहवाल लिहाल तेव्हा सोबत्याचे नाव गाळू नका.