मेल्यावरही विषारी : रिचर्ड फायफर यांची गोष्ट

मी इंजिनिअरिंगवाली, बायोलॉजी दहावीतच सुटली. तरी रिचर्ड फायफर या जर्मन डॉक्टरांबद्दल वाचलं आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

जन्म १८५८ चा. शिक्षण बर्लिनला, मग लष्करात डॉक्टर. १८८७ पासून ते रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली आले. १८९२ साली त्यांनी दोन मोठे दावे केले.

पहिला फ्लूचा. रुग्णांच्या कफात त्यांना एक जंतू दिसला आणि तोच फ्लूचं कारण, असं त्यांनी जाहीर केलं. पण त्या जंतूने प्राण्यांना खरा फ्लू काही होईना.

दुसरा कॉलऱ्याचा. उष्णतेने मारलेले जंतू त्यांनी गिनीपिगला टोचले, तरी गिनीपिग मेले! म्हणजे जंतू मेला तरी विष त्याच्या अंगातच शिल्लक. त्याला नाव पडलं एन्डोटॉक्सिन. आज आपल्याला माहीत आहे की ग्राम-निगेटिव्ह जंतूंच्या बाहेरच्या पापुद्र्यात 'लिपिड ए' नावाची एक वेगळीच चरबी असते. जंतू फुटला की ती रक्तात पसरते, ताप चढतो, बीपी कोसळतं. नुसत्या उकळण्याने ती जात नाही, म्हणून सलाईनची एन्डोटॉक्सिन टेस्ट वेगळी करावी लागते. गंमत म्हणजे स्फिंगोमोनस हा जंतू ग्राम-निगेटिव्ह असूनही ही चरबी ठेवत नाही, त्याच्याकडे दुसऱ्याच प्रकारची असते.

१८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी फायफर जर्मन कमिशनबरोबर आपल्या मुंबईतही आले होते.

१९१८ च्या भयंकर साथीत कितीतरी रुग्णांमध्ये 'फायफरचा जंतू' सापडेचना. १९३३ मध्ये लंडनला माणसाच्या फ्लूचा व्हायरस मिळाला आणि पहिला दावा संपला. तेव्हा फायफर पंचाहत्तर वर्षांचे होते. १९४५ मध्ये ते वारले.

आजही त्या जंतूचं नाव हिमोफिलस इन्फ्लुएन्झा असंच आहे. म्हणजे चूक नावात राहिली आणि खरं काम सलाईनच्या टेस्टमध्ये, जिथे त्यांचं नाव कुणी घेत नाही.

माणूस तोच, वर्ष तेच. फरक एवढाच की एकदा त्यांनी शेजारी दिसलेल्याला गुन्हेगार ठरवलं आणि दुसऱ्यांदा संशयिताला मारून, टोचून, तपासून पाहिलं. जर्नल भरताना हा फरक आपणही लक्षात ठेवूया, काय?