डोक्याचा डॉक्टर : सर ह्यू केर्न्स

मागच्या वर्षी आमच्या विंगमधला एक मित्र रात्री बारा वाजता चहा प्यायला हायवेवर गेला आणि येताना वळणावरच्या वाळूवर त्याची बाईक घसरली. हेल्मेट होतं, पण आरशाला अडकवलेलं. तो अकरा दिवस आयसीयूमध्ये होता. आता बरा आहे, वर्ष मात्र बुडालं. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला पहिला प्रश्न हेल्मेटचाच विचारला. हा प्रश्न ज्या माणसाने गांभीर्याने घेतला, त्याच्याबद्दल लिहावं असं तेव्हापासून डोक्यात होतं.

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हा पिक्चर हॉस्टेलमध्ये बऱ्याच जणांनी बघितला असेल. त्याची सुरुवातच बाईकच्या अपघाताने होते. तो अपघात खरा आहे. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना लॉरेन्स ब्रफ सुपीरियर गाडीवरून फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध राहून तो गेला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हा ३८ वर्षांचा न्यूरोसर्जन होता.

केर्न्स मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १८९६ मध्ये पोर्ट पिरी गावी जन्म, वडील लाकूडकाम करायचे. ऱ्होड्स स्कॉलरशिप मिळवून पोरगा ऑक्सफर्डला आला. तिथे अभ्यास तर केलाच, पण १९२० च्या केंब्रिजविरुद्धच्या बोट रेसमध्ये वल्हीही मारली. (आपल्याकडे स्पोर्ट्सवाल्यांना अटेंडन्ससाठी एचओडींच्या पाया पडावं लागतं, ते असो.) पुढे बोस्टनला हार्वे कुशिंग या मेंदूच्या सर्जरीतल्या दादा माणसाकडे एक वर्ष शिकले आणि १९३७ मध्ये ऑक्सफर्डमध्ये सर्जरीचे प्रोफेसर झाले.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश आर्मीचे निरोप घेऊन जाणारे डिस्पॅच रायडर्स ब्लॅकआऊटच्या अंधारात भरधाव गाड्या हाणायचे. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २२७९ मोटरसायकलवाले आणि मागे बसलेले मेले. केर्न्स डोक्याला मार लागलेल्यांच्या केसेस जमवत होते. त्यांतले हेल्मेट घातलेले किती? फक्त सात! आणि ते सातही जगले. सात म्हणजे सॅम्पल साइज अगदीच छोटी, आपले स्टॅटिस्टिक्सचे सर व्हायव्हामध्ये उभंच करणार नाहीत. पण १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये केर्न्सनी पेपर छापला आणि नोव्हेंबरमध्ये आर्मीने ड्युटीवरच्या रायडर्सना हेल्मेट सक्तीचं केलं. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, त्यांनी महिन्यागणिक मृत्यूंचे आकडे मांडले. सक्तीनंतर आलेख खाली आलेला होता.

मला सगळ्यात आवडलेला भाग इंजिनिअरिंगचा आहे. हेल्मेट नेमकं करतं काय, हे समजून घ्यायला केर्न्सनी हॉलबोर्न नावाच्या फिजिसिस्टला बरोबर घेतलं. हॉलबोर्नने मेंदूच्या जागी जिलेटिन वापरून प्रयोग केले. झटक्याने डोकं गर्रकन फिरलं की आतली ही जेली कशी पिळवटते, ते त्याने दाखवलं. हेल्मेटचं काम म्हणजे आपल्या फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधला इम्पल्सचा चॅप्टर. डोकं थांबायला जितका जास्त वेळ लागेल तितका फोर्स कमी. ते काही मिलिसेकंद मिळवून द्यायचे, बस्स. आम्ही तो चॅप्टर ऑप्शनला टाकला होता!

केर्न्सना १९४६ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला आणि १९५२ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, कॅन्सरने ते गेले. ब्रिटनमध्ये सगळ्यांसाठी हेल्मेटचा कायदा झाला १९७३ मध्ये, म्हणजे त्यांच्या पहिल्या पेपरनंतर ३२ वर्षांनी. साहेबाच्या देशातही लोक सहजासहजी ऐकत नाहीत तर!

मग गरीब देशांचं काय? तिथे कारपेक्षा दुचाक्या जास्त, हॉस्पिटलं कमी, आणि न्यूरोसर्जन तर मोठ्या शहरातच. व्हिएतनामचं उदाहरण घ्या. तिथे बहुतेक सगळी वाहनं म्हणजे मोटरसायकलीच. हेल्मेटला लोक चेष्टेने राईस कुकर म्हणायचे. उकडतं, केस विस्कटतात, ऐकू येत नाही... आपल्या पार्किंगमध्ये ऐकू येणारी सगळी कारणं तिथेही होती. आधीचे नियम ठरावीक रस्त्यांपुरते होते आणि दंड मामुली. मग सरकारने सगळ्या रस्त्यांवर, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं केलं, दंड वाढवला आणि आधी काही महिने टीव्हीवर प्रचार केला. १५ डिसेंबर २००७ च्या सकाळी हनोईत अक्षरशः डोक्यांचा रंगच बदलला. थोड्याच दिवसांत वापर ९० टक्क्यांच्या वर गेला. स्वस्त, तकलादू हेल्मेटंही बाजारात आली, हे खरं.

एक घोळ राहिला होता. लहान मुलांना दंड करता येत नव्हता आणि त्यांच्याबद्दल आईबापांनाही नाही. शिवाय हेल्मेटने मुलांची मान दुखावते अशी समजूत होती. म्हणून एकाच गाडीवर पुढे बाबा हेल्मेटमध्ये, मागे आई हेल्मेटमध्ये आणि मधला छोटू बोडका, असं दृश्य दिसायचं. ती पळवाट २०१० मध्ये बुजवली.