पडद्यामागची जिऑलॉजिस्ट

सिव्हिलवाल्यांसाठी जिऑलॉजी म्हणजे ओरलच्या आदल्या रात्री पाठ करायचे दगड. बेसॉल्ट, ग्रॅनाइट, शिस्ट... संपलं! बाकी ब्रँचच्या मंडळींना तर तेवढंही माहीत नसतं. पण मित्रांनो, हेच दगड शिकण्यासाठी एका मुलीला वर्गात पडद्याआड बसावं लागलं होतं. तिचं नाव फ्लोरेन्स बॅस्कम.

तिचा जन्म १४ जुलै १८६२ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्यम्सटाऊन येथे झाला. आई स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणारी, वडील पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठाचे अध्यक्ष. तिथेच ती शिकली. अध्यक्षांची मुलगी म्हणजे मजाच असेल, असं वाटतं ना? पण मुलींना लायब्ररीसुद्धा मोजून मापून मिळायची आणि वर्ग मुलांनी भरला असेल तर मुलींना जागा नाही. तरी १८८७ पर्यंत तिने जिऑलॉजीत मास्टर्स पूर्ण केलं.

मग बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ. तिथे मुलींना अधिकृत प्रवेश १९०७ मध्ये सुरू झाला, ही गेली १८९१ मध्ये! खास परवानगीने बसू दिलं, पण कोपऱ्यात पडदा लावून. कारण काय, तर मुलांचं लक्ष विचलित व्हायला नको. (लक्ष त्यांचं जाणार आणि शिक्षा हिला. हे लॉजिक मला तरी कळलेलं नाही.) १८९३ मध्ये याच विद्यापीठाला तिला पीएच.डी. द्यावी लागली.

तिचा विषय होता पेनसिल्व्हेनियातला साऊथ माउंटन. तिथले काही खडक गाळ साचून तयार झालेले आहेत, असा समज होता. फ्लोरेन्सने त्यांचे पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली पाहिले. हे काप साधारण ०.०३ मिमी जाडीचे असतात, त्यातून उजेड आरपार जातो. त्यात तिला लाव्हा वाहताना उमटलेल्या रेघा सापडल्या. म्हणजे हा गाळ नाही, जुन्या ज्वालामुखीचा लाव्हा! झटकन थंड झाल्यामुळे तो आधी काचेसारखा होता. कोट्यवधी वर्षांत त्या काचेचे हळूहळू स्फटिक झाले, पण जुन्या खुणा पुसल्या गेल्या नाहीत. अशा खडकाला तिने 'अपोरायोलाइट' असं नाव दिलं.

१८९५ मध्ये ती ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात शिकवायला लागली आणि १८९६ मध्ये अमेरिकेच्या जिऑलॉजिकल सर्व्हेने तिला घेतलं. सर्व्हेने नोकरीवर घेतलेली ही पहिली स्त्री जिऑलॉजिस्ट. आता आपण बॅस्कमबाई म्हणूया. उन्हाळ्यात बाई डोंगर पालथे घालून नकाशे करायच्या, हिवाळ्यात कॉलेज आणि मायक्रोस्कोप. कॉलेजात त्यांना डिपार्टमेंट म्हणून मिळाली सामान ठेवायची जागा! तिथे त्यांनी एकेक दगड जमवत लॅब उभी केली. १८९९ मध्ये कॉलेजच्या अध्यक्षांनी जिऑलॉजीला नुसता ऐच्छिक विषय करायचं ठरवलं. त्या अध्यक्षही बाईच होत्या, हे विशेष. बॅस्कमबाईंनी सरळ राजीनामा पुढे केला. शेवटी विश्वस्त मध्ये पडले आणि विषय वाचला.

तो वाचला म्हणून ज्युलिया गार्डनर, आयडा ओगिल्व्ही, एलिनोरा ब्लिस, ॲना जोनास अशा जिऑलॉजिस्ट तिथून तयार झाल्या. पुढे ब्लिस आणि जोनास या दोघींचे फिलाडेल्फियाजवळच्या विसाहिकन शिस्टवरून खुद्द बाईंशीच मतभेद झाले. गाइडशी वाद घालायची हिंमत आपल्यात किती जणांत आहे, ते ज्याचं त्याने ठरवावं!

१९०६ मध्ये शास्त्रज्ञांची एक मोठी सूची निघाली. त्यात पहिल्या शंभर जिऑलॉजिस्टमध्ये बाईंना स्थान होतं. सूचीचं नाव होतं 'अमेरिकन मेन ऑफ सायन्स'. १९३० मध्ये त्या अमेरिकेच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या उपाध्यक्ष झाल्या. १८ जून १९४५ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला आज त्यांचं नाव आहे.